पाळणा, एसटी आणि राजपत्र: खंडाखंडांत शहरं कशी वाढली

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीला भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: "आमच्या अभ्यासक्रमात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी आहेत. ब्राझीलमध्ये शंभरातले ८४ लोक शहरात राहतात, भारतात ३१. मुलं विचारतात, ब्राझील एवढा पुढे कसा गेला? म्हणून मी त्यांना खंडांचा तक्ता दाखवला, तर गोंधळ आणखी वाढला. लॅटिन अमेरिका युरोपच्याही पुढे, आफ्रिका सगळ्यात मागे, आणि तरी सगळीकडे वाचायला मिळतं की आफ्रिकेतली शहरं सगळ्यात वेगानं वाढतायत. शेवटी हे सगळं खेड्यातून शहरात येणाऱ्या लोकांमुळेच ना?"

बाई, मुलं नेमक्या जागी अडखळली आहेत, हे आधी त्यांना सांगा. मी सत्तावीस वर्षं नगररचनेत लोकसंख्येचे अंदाज मांडायचं काम केलं. वीस वर्षांनी शहराला किती पाणी लागेल, शाळा-दवाखान्यांसाठी किती जागा राखून ठेवायच्या, हे ज्या आकड्यावर ठरतं तो आकडा काढायचा. सुरुवातीची बरीच वर्षं मीही तुमच्या शेवटच्या वाक्यासारखाच विचार करत होतो. गावाकडची माणसं येतात म्हणून शहर वाढतं, एवढंच डोक्यात होतं. पुढे कामानंच ते डोक्यातून काढलं.

कोणतंही शहर तीन वाटांनी वाढतं. हाताखालच्या नव्या मुलांना मी त्या वाटांची नावं सांगायचो पाळणा, एसटी आणि राजपत्र. पाळणा म्हणजे शहरातच जन्मलेली मुलं, त्यातून मृत्यू वजा करून. एसटी म्हणजे बाहेरून राहायला आलेले, त्यातून सोडून गेलेले वजा करून. आणि राजपत्र म्हणजे काल जे गाव होतं ते आज सरकारी कागदावर शहर झालं. तिसऱ्या वाटेत एकही माणूस जागचा हलत नाही, तरी शहरी लोकसंख्या वाढते. एकदा ही तीन नावं लक्षात ठेवली की खंडांचा तक्ता बोलायला लागतो, कारण प्रत्येक खंडात या तिघांचं प्रमाण वेगळं आहे.

आधी तक्ता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या मांडणीनुसार १९५० मध्ये जगातले सुमारे ७५ कोटी लोक शहरी होते, म्हणजे शंभरात ३०. २०१८ मध्ये ते ४२२ कोटी झाले, शंभरात ५५. मधे २००७ च्या सुमारास निम्म्याची रेघ ओलांडली गेली. या काळात उत्तर अमेरिका ६४ टक्क्यांवरून ८२ वर गेली, लॅटिन अमेरिका ४१ वरून ८१ वर, युरोप ५२ वरून ७४ वर, ओशेनिया (ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली बेटं) ६२ वरून ६८ वर, आशिया साडेसतरावरून ५० वर आणि आफ्रिका १४ वरून ४३ वर. वर्गात एक खुलासा जरूर करा: या मांडणीत मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे लॅटिन अमेरिकेत धरतात. भिंतीवरच्या नकाशातला उत्तर अमेरिका खंड आणि तक्त्यातली उत्तर अमेरिका एक नाहीत. यावरून मुलांचे आकडे हमखास चुकतात.

आता हाच तक्ता टक्के पुसून डोक्यांनी मांडा. १९५० मध्ये युरोपात साडेअठ्ठावीस कोटी शहरी माणसं होती आणि आफ्रिकेत फक्त सव्वातीन कोटी. २०१८ मध्ये दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, ५५ कोटींच्या आसपास. टक्क्याच्या रांगेत आफ्रिका शेवटी उभी आहे, पण अडुसष्ट वर्षांत तिची शहरी माणसं सतरा पटींच्या घरात गेली. युरोपची दुप्पटही झाली नाहीत. आशिया साडेचोवीस कोटींवरून सव्वादोनशे कोटींवर गेला, म्हणजे जगातल्या शहरी माणसांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या आशियात, आणि तरीही आशियाचा टक्का जेमतेम पन्नास.

टक्का हा अपूर्णांक आहे. वरचा आकडा वाढला आणि खालचाही वाढला, तर टक्का हळूहळू सरकतो. आफ्रिकेत तेच झालं. तिथे शहरं भरत असताना खेडी रिकामी झाली नाहीत. १९५० मध्ये आफ्रिकेच्या खेड्यांत साडेएकोणीस कोटी लोक होते, २०१८ मध्ये सुमारे ७४ कोटी. युरोपात मात्र याच काळात खेड्यांतले लोक साडेसव्वीस कोटींवरून १९ कोटींवर उतरले. टक्का दोन्हीकडे वाढला, पण जमिनीवर घडलेल्या गोष्टी अगदी वेगळ्या.

मग आफ्रिकेच्या खेड्यांतून कोणी शहरात गेलंच नाही का? गेले, पुष्कळ गेले. पण ते समजण्यासाठी युरोपकडे मागे जावं लागेल, कारण शहर म्हणजे काय याची आपली सगळी कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडवरून आलेली आहे.

लंडनचा अठराव्या शतकाचा बराचसा काळ असा होता की दरवर्षी चर्चच्या वहीत बाप्तिस्म्यांपेक्षा दफनं जास्त लागायची. पाळण्याची बाजू उणे. शहर माणसं खात होतं, आणि तरी वाढत होतं, कारण खाल्ली त्याहून जास्त माणसं खेड्यांतून येत होती. एडविन चॅडविक या इंग्रज सुधारकाच्या, मजुरांच्या आरोग्यावरच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांतल्या मृतांचं सरासरी वय १७ वर्षं दिलं आहे. ग्रामीण रटलंडमधल्या मजुरांचं ३८. हे आयुर्मान नव्हे, मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे. ती इतकी खाली येते, कारण मेलेल्यांत तान्ह्या मुलांची संख्या प्रचंड होती. हा आकडा वर्गात सांगाल तेव्हा क्षणभर थांबा. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात यंत्रांची चित्रं असतात, ही मुलं नसतात.

त्यानंतर चित्र बदललं ते पाण्यामुळे आणि गटारांमुळे. १८५४ मध्ये लंडनच्या कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी संसदेत शिरली आणि अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांना पैसा मिळाला. १८०१ मध्ये साडेनऊ लाखांचं लंडन १९०१ मध्ये ६५ लाखांच्या घरात गेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५१ च्या जनगणनेत शहरी लोक निम्म्याहून थोडे जास्त भरले. एवढा मोठा देश निम्म्याची रेघ ओलांडतोय, असं जगात पहिल्यांदाच घडत होतं.

आपल्याकडेही माणसं खाणाऱ्या शहराचा दाखला आहे. मुंबईत १८९१ ला ८ लाख २१ हजार लोक होते, १९०१ ला ७ लाख ७६ हजार. मधे १८९६ चा प्लेग येऊन गेला. काही मेले, पुष्कळ लोक कोकणात आणि घाटावर परत गेले. गिरण्या जोरात असलेल्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटते, हे आज मुलांना खरं वाटत नाही.

आता आफ्रिका. तिथली बहुतेक मोठी शहरं वाढायला लागली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. तोवर देवीची लस होती, मलेरियाची औषधं होती, थोडंफार नळाचं पाणी होतं, आणि जहाजानं आणता येणारं धान्य होतं. म्हणजे मँचेस्टरला शंभर वर्षं जे जमलं नाही ते नायजेरियातल्या लागोससारख्या शहराला सुरुवातीपासूनच थोडं तरी मिळालं: शहरात जन्मलेलं मूल बहुधा जगलं. त्यामुळे एसटीतून एक तरुण जोडपं उतरलं की पुढच्या पिढीत त्याची पाच-सहा माणसं होतात, आणि ती मुळातच शहरी असतात. तरुण वयाचा समाज असल्यामुळे पाळणा पिढ्यान्‌पिढ्या थांबत नाही. आज आफ्रिकेच्या पुष्कळ देशांत शहरवाढीतला मोठा वाटा पाळण्याचा आहे. "खेड्यातले लोंढे" हे चित्र तिथे अर्धवट ठरतं.

लागोस १९५० मध्ये सव्वातीन लाखांचं होतं. आज ते दीड कोटींच्या आसपास आहे, आणि हद्द कुठे आखता यावरून त्याहूनही मोठं. १९९१ च्या डिसेंबरमध्ये नायजेरियाची राजधानी अबुजाला हलली. राजधानी गेली की शहर मंदावेल असा हिशोब असेल तर तो चुकला. लागोसनं मागे वळून पाहिलं नाही. २०१८ ते २०५० या काळात जगात जी शहरी माणसं वाढतील त्यांतली सुमारे ३५ टक्के तीनच देशांत असतील असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता: भारतात ४१ कोटी ६० लाख, चीनमध्ये २५ कोटी ५० लाख, नायजेरियात १८ कोटी ९० लाख.

पण आफ्रिका म्हणजे एकच सरळ चढण असंही मुलांना सांगू नका. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो झांबिया. तांब्याच्या खाणींचा देश. स्वातंत्र्यानंतर खाणींच्या पट्ट्यातली शहरं इतकी भराभर वाढली की १९८० पर्यंत देशातले शंभरात जवळजवळ ४० लोक शहरी झाले होते. १९७० च्या दशकाच्या मध्याला तांब्याचा भाव कोसळला, खाणींतल्या नोकऱ्या आटत गेल्या, अन्नावरची सरकारी सवलत काढली गेली. शहरात राहणं परवडेना तशी माणसं गावी जाऊन शेती करू लागली. २००० च्या जनगणनेत टक्का ३५ च्या खाली आला. २०१० मध्ये तो परत साडेएकोणचाळीसवर चढला, म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा जुन्याच पायरीवर. एसटी दोन्ही दिशांनी धावते. अंदाज बांधणाऱ्यानं हे विसरलं की त्याची रेघ नुसती वर जात राहते, आणि त्या रेघेच्या भरवशावर धरणं आणि नळयोजना मंजूर होतात. झांबियाचे आकडे पाहिल्यापासून मी कोणत्याही शहराचा एकच अंदाज कधी दिला नाही, तीन दिले.

आणखी एक गोष्ट. आफ्रिकेतल्या अनेक वसाहतींत काळ्या माणसानं शहरात कायम राहूच नये अशी कायद्यानं सोय केलेली होती. कामापुरतं यायचं, बायकामुलं गावाकडे ठेवायची. दक्षिण आफ्रिकेत हे परवान्यांचे कायदे थेट १९८६ पर्यंत चालले. १९५० चा १४ टक्के हा आकडा वाचताना हे लक्षात ठेवा. त्या टक्क्यात लोकांची इच्छा किती आणि पोलिसांची काठी किती, हे आकडा सांगत नाही.

तुमचा मूळ प्रश्न ब्राझीलचा. त्याच्यावर जरा सावकाश बोलतो, कारण तुमच्या वर्गात हेच रोज येणार.

१९४० च्या जनगणनेत ब्राझीलमधले ३१ टक्के लोक शहरी होते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ३१ टक्के. योगायोगानं दोन्ही आकडे दशांशापर्यंत जवळजवळ जुळतात. मुलांना विचारा, म्हणजे भारत सत्तर वर्षं मागे का? आणि मग दुसरा आकडा द्या. १९४० च्या ब्राझीलचे ३१ टक्के म्हणजे १ कोटी २९ लाख माणसं. २०११ च्या भारताचे ३१ टक्के म्हणजे ३७ कोटी ७१ लाख. ब्राझीलची २०२२ मधली एकूण लोकसंख्या, खेडी धरून, २० कोटी ३० लाख आहे. भारताची नुसती शहरी माणसं अख्ख्या ब्राझीलपेक्षा कितीतरी जास्त. "पुढे" आणि "मागे" हे शब्द त्यानंतर मुलं आपणहून जपून वापरतात.

मग ब्राझीलमध्ये इतकं झालं कसं? पहिलं कारण जमीन. मोठमोठ्या मळ्यांची मालकी थोड्या घराण्यांकडे. गुलामगिरी कायद्यानं संपली १८८८ मध्ये, पण सुटलेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. आपल्याकडे दोन एकर कोरडवाहू का होईना, पण सात-बाऱ्यावर नाव असतं, आणि त्या नावासाठी माणूस गाव पूर्णपणे सोडत नाही. जावळी-पाटणमधून मुंबईला माथाडी कामाला गेलेल्या कुटुंबांच्या पिढ्या तुमच्या वर्गात बसलेल्या असतील. जत्रेला ती माणसं गावी येतात, कारण गावात अजून त्यांचं घर आहे, शेताचा तुकडा आहे. ब्राझीलच्या मळ्यावरच्या मजुराला परत यायला असं काहीच नव्हतं. तो निघाला की कायमचाच निघाला.

दुसरं कारण कॉफी आणि तिच्यामागून आलेले कारखाने. साओ पाउलो १८९० मध्ये ६५ हजारांचं गाव होतं, म्हणजे आजच्या आपल्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढं. दहा वर्षांत ते दोन लाख चाळीस हजारांवर गेलं, त्यात इटलीहून आलेले फार मोठ्या संख्येनं होते. १९५० मध्ये २२ लाख, २०२२ मध्ये नुसत्या शहराच्या हद्दीत १ कोटी १४ लाख. १९३० नंतर सरकारनं देशातच माल बनवायचं धोरण धरलं आणि कारखाने आग्नेय भागात एकवटले. त्याच वेळी ईशान्येकडचा भाग दुष्काळानं पोळत होता. तिथून माणसं ट्रकच्या उघड्या हौद्यात, फळीवर बसून निघायची. १९५२ मध्ये ईशान्येच्या पेर्नांबुको राज्यामधून एक आई आपल्या मुलांना घेऊन अशीच तेरा दिवस प्रवास करत साओ पाउलो राज्यात पोचली. त्यांतला सात वर्षांचा मुलगा लुईझ इनासिओ, पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला लुला दा सिल्वा. माण-खटावच्या मुलांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही; ही एक गोष्ट सांगितली तरी ब्राझीलचा अर्धा नकाशा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहील.

लॅटिन अमेरिकेत खेड्यातून शहरात जाणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं, कारण शहरात घरकामाची नोकरी त्यांना मिळायची. आपल्याकडे उलट. पुरुष मुंबईला, बाई गावी. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. एकाच कुटुंबाचे हे दोन तुकडे आहेत, दोन जिल्ह्यांच्या रकान्यांत वाटले गेलेले. बाई शहरात आली की संसार शहरात थाटला जातो आणि पाळणाही तिथेच हलतो. ब्राझीलचा टक्का इतका भराभर चढण्यामागे हेही एक कारण आहे, आणि पाठ्यपुस्तकांत ते क्वचित येतं.

तिसरं कारण राजपत्र. ब्राझीलमध्ये १९३८ च्या एका फर्मानानं ठरलं की प्रत्येक नगरपालिका-क्षेत्राचं मुख्य ठिकाण हे शहरच समजायचं. तिथे वस्ती किती, लोक शेती करतात की आणखी काही, हे पाहायचंच नाही. त्यामुळे दोन हजार वस्तीचं, चारी बाजूंनी शेतं असलेलं ठिकाणही तिथे शहरी आकड्यात जातं. आपल्याकडे नगरपालिका, नगरपंचायत वगैरे नसलेल्या ठिकाणाला जनगणना शहर म्हणते ते तीन अटी पुऱ्या झाल्या तरच: किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे लोक, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. एवढी कडक चाळणी फार थोड्या देशांत आहे. स्वीडन-डेन्मार्कमध्ये दोनशे लोकांची सलग वस्ती शहरी वस्ती म्हणून मोजतात. जपानमध्ये 'शहर' हा दर्जा मिळायला साधारण पन्नास हजार लागतात. ब्राझीलचे ८४ आणि भारताचे ३१ हे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आकडे आहेत. आपली चाळणी सैल केली तर भारताचा टक्का निम्म्याच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो.

म्हणून ब्राझीलमध्ये खरंच मोठी उलथापालथ झाली हे शिकवा, पण सगळा फरक त्या उलथापालथीचा आहे असं शिकवू नका. आणि शहरात पोचणं म्हणजे सुखात पोचणं नव्हे. २०२२ च्या जनगणनेत तिथले १ कोटी ६४ लाख लोक फावेलांमध्ये, म्हणजे झोपडवस्त्यांत राहत होते.

आशियात राजपत्राची ताकद बघायची तर जपान. १९५० मध्ये ३७ टक्के लोक शहरांत, १९५५ मध्ये ५६. पाच वर्षांत एकोणीस टक्क्यांची उडी! माणसं गेलीच होती, पण मोठा भाग कागदाचा होता. १९५३ च्या कायद्यानं खेडी आणि गावं एकमेकांत विलीन करून मोठी शहरं बनवली गेली. साडेनऊ हजारांहून जास्त स्थानिक संस्था होत्या, त्या काही वर्षांत साडेतीन हजारांच्या आत आल्या.

चीनमध्ये एसटीच्या दाराशी पहारा होता. १९५८ पासून हुकोउ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, ग्रामीण किंवा शहरी अशी ठरवली गेली. ग्रामीण नोंदवाल्याला शहरात रेशन नाही, घर नाही. दुष्काळानंतर १९६१ ते ६३ मध्ये सुमारे दोन कोटी शहरी कामगारांना गावी परत धाडलं. १९७८ मध्ये टक्का १८. मग पहारा सैल झाला. १९७९ च्या सुमाराला जिथे तीनेक लाख लोक होते त्या शेंझेनमध्ये २०२० ला १ कोटी ७५ लाख. देशानं २०११ मध्ये निम्म्याची रेघ ओलांडली, २०२० मध्ये ६४ टक्के. पण त्याच वर्षी शहरी हुकोउ असलेले फक्त ४५ टक्के होते. मधली माणसं शहरात राहतात, शहर बांधतात, पण सरकारी कागदावर अजून गावचीच आहेत. आपल्या ऊसतोड कामगारांची मुलं कुठल्या शाळेच्या पटावर धरायची हा प्रश्न ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भारतात तिन्ही वाटा एकदम चालतात. १९०१ मध्ये १०.८ टक्के, १९५१ मध्ये १७.३, २०११ मध्ये ३१.२. त्या २००१ ते २०११ च्या दशकात पहिल्यांदाच शहरांत वाढलेली माणसं (९ कोटी १० लाख) खेड्यांत वाढलेल्यांपेक्षा थोडी जास्त भरली. पण याच दशकात जनगणनेच्या तीन अटी पूर्ण करणारी, तरी ग्रामपंचायतच असलेली ठिकाणं १३६२ वरून ३८९४ झाली. केरळचा टक्का दहा वर्षांत २६ वरून जवळजवळ ४८ वर गेला. तिथे कोणतंही प्रचंड स्थलांतर झालं नाही. गावंच शेतीतून बाहेर पडली आणि जनगणनेनं त्यांना शहर म्हटलं. महाराष्ट्र ४५ टक्क्यांवर आहे, गोवा ६२ वर. गोव्याच्या आकड्यातही हीच गोष्ट आहे: तिथे महानगर नाही, पण गावागावाला लागून घरं आहेत आणि शेतावर जगणारे थोडे.

मी कामाला लागलो तेव्हा शहराच्या हद्दीबाहेरच्या एका गावाची पाणीयोजना माझ्या टेबलावर आली. कागदावर ग्रामपंचायत, म्हणून माणशी पाणी ग्रामीण निकषानं धरलेलं. प्रत्यक्ष गेलो तर चार-पाच मजली इमारतींच्या रांगा, तळाला दुकानं, आणि एकाच बोअरवर तीन सोसायट्या. वरच्या कार्यालयानं निकष बदलायला नकार दिला. योजना पुरी झाली त्या वर्षापासूनच टँकर सुरू झाले. त्या गावातल्या बायका रात्री दोनला नळासमोर बसायच्या. "शहरी" हा शब्द तक्त्यात भरायचा रकाना आहे असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. त्या शब्दावर पाईपचा व्यास ठरतो.

२०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं एकदम आली, त्याआधी २०१७ मध्ये ११. एका अधिसूचनेनं लाखो लोक शहरी झाले. त्यातली बहुतेक गावं प्रत्यक्षात दहा-पंधरा वर्षं आधीच शहर झाली होती. आणि उलटही होतं. मुंबईच्या बेटावरची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली, तर ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सगळ्यात जास्त लोकवस्तीचा जिल्हा झाला. शहर संपलं नाही, बाहेर सरकलं.

उत्तर अमेरिका आणि युरोपात आता एसटी खेडं ते शहर अशी फारशी धावत नाही. शिकागो १८४० मध्ये साडेचार हजारांचं होतं, १८९० मध्ये अकरा लाखांचं, आणि १९२० मध्ये अमेरिकेचा निम्मा टप्पा पार झाला. तो काळ संपला. आता माणसं एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात, आणि मागे उरलेलं शहर आकसतं. डेट्रॉइट १९५० मध्ये साडेअठरा लाख, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. पूर्व जर्मनीतलं लाइपझिग १९३० च्या दशकात सात लाखांवर होतं, शतकाच्या शेवटी साडेचार लाखांच्या खाली गेलं, आणि त्यानंतर पुन्हा सहा लाखांवर चढलं.

ओशेनियाचा टक्का मुलांना सरासरी कशी फसवते हे दाखवायला वापरा. ऑस्ट्रेलियात शंभरात ८६ शहरी, पापुआ न्यू गिनीत १३ च्या आसपास. दोन्ही मिळून ६८. अडुसष्ट टक्के शहरी असा देश त्या दोघांपैकी एकही नाही.

आता नवी गोष्ट, जी तुमच्या पुस्तकात अजून नसेल. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशोदेशींच्या व्याख्या बाजूला ठेवून सगळ्या जगाला एकच माप लावलं: चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत किती दाट वस्ती आहे ते पाहायचं. त्या मापानं जगातले ४५ टक्के लोक मोठ्या शहरांत, ३६ टक्के लहान शहरांत आणि निमशहरी वस्त्यांत, आणि फक्त १९ टक्के खेड्यांत भरले. जगातलं सगळ्यात मोठं शहर म्हणून वर्षानुवर्षं पाठ केलेलं टोकियो तिसऱ्या नंबरवर गेलं. जकार्ता पहिलं, सुमारे ४ कोटी २० लाख, ढाका दुसरं. टोकियोत काही कोसळलं नव्हतं. रेघ दुसरीकडून काढली गेली, एवढंच. त्यामुळे २०१८ चे आणि २०२५ चे आकडे एकाच आलेखावर कधीही जोडू नका. परीक्षेत विचारलं तर पुस्तकातला आकडा आणि त्याचं वर्ष लिहायला सांगा. आपली पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिवसाची आहे, म्हणजे २०११ चा ३१ हा आकडाही आता फार दिवस टिकणार नाही.

वर्गासाठी एक करता येईल. प्रत्येक मुलाला सांगा की आपल्या नात्यातली जी घरं आज शहरात आहेत ती मोजून आण, आणि प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण कर: तिथेच जन्मलेले, बाहेरून गेलेले, की जागेवरच राहिले आणि गावच शहर झालं. चाळीस मुलांची बेरीज फळ्यावर घ्या. तुमच्या भागात एसटीचा रकाना मोठा येईल असा माझा अंदाज आहे, पण मुंबई-पुण्यातली दुसरी पिढी धरली की पाळण्याचा रकाना फुगेल. एखाद्या मुलाचा काका हडपसरच्या पलीकडे राहत असेल आणि त्याचं घर कुठल्या रकान्यात घालायचं यावरून वर्गात वाद होईल. तो वाद होऊ द्या. ब्राझीलचा धडा त्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या.